मोडीच्या भावात गेलेली दारं

बारामतीच्या जुन्या पेठेत वाडा उतरवायला घेतला की त्याचं मोल दोनच मापांनी ठरतं. तुळया, खांब, कडीपाट घनफुटावर जातात. हंडे, घंगाळं, समया किलोवर. असा माल शंभरेक किलोमीटरवर पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पोचला की तिसरं माप लागतं, तिथे तो नगावर विकला जातो. दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी करवतीने कापून सुटी करायची, पॉलिश मारायचं, मागे दोन कड्या ठोकायच्या, की झाली दिवाणखान्याची शोभा. मग भिगवण रस्त्यावरच्या नव्या बंगल्यासाठी आपण तीच पट्टी शहरातून घेऊन येतो, जाण्या-येण्याचं भाडं देऊन आणि वर मधल्या तिघांचा नफाही देऊन. जुन्या वस्तूंनी घर सजवू नये, असं मी म्हणत नाही. उलट बारामती-इंदापुरात ते जास्त व्हायला हवं. फक्त ती वस्तू मोडीत जाण्याआधी, इथेच आणि कामाला लावण्यासाठी घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

कामाला लावणं म्हणजे काय, हे इंदापूर तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. उजनी धरणाचं काम 1980 मध्ये पुरं झालं. भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवच्या पळसनाथाचं दगडी मंदिर जागेवरच राहिलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते आजही उघडं पडतं. घरांचं तसं नसतं. गाव बुडणार हे कळलं की माणसं दारं, चौकटी, वासे, पत्रे सोडवून नेतात आणि नव्या गावठाणात त्यांतूनच भिंती-छप्पर उभं करतात. दार उंचीला जास्त झालं तर खालून तासायचं, चौकट बसेना तर भिंत चार बोटं सरकवायची. इथे कुणी म्हणेल, तो नाइलाज होता, त्याला सजावटीचा दाखला कसला करता? आक्षेप रास्त आहे. विस्थापितांच्या हालांवर सौंदर्याची झूल चढवणं मलाही मान्य नाही. पण त्या नाइलाजात एक व्यवहारज्ञान होतं, ते हालांबरोबर टाकून द्यायचं कारण नाही: दार पुन्हा दारच राहिलं, त्याचं चित्र झालं नाही. आजच्या सजावटीत घंगाळाची कुंडी होते आणि जात्याच्या तळीचं टेबल. वस्तू वाचते खरी, पण बिनकामाची होऊन.

याहून अवघड प्रश्न बायकांच्या कष्टाचा आहे. पितळ गेलं आणि स्टील आलं, ते कुणाच्या बेअक्कलपणामुळे नव्हे. हंडा जड असतो, चिंच लावून घासावा लागतो. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर कल्हई हवी आणि कल्हईवाला आता दारावर येत नाही. ज्या बाईने ती भांडी मोडीत घालून स्टील घेतलं तिचा हिशेब चोख होता. तेव्हा सगळंच परत आणा, असा माझा हट्ट नाही. बंब आणि जातं गेलं ते बरं झालं. पण सागवानी दार, लाकडी पेटी, पाट, फडताळाची दारं, दुकानातला जुना बाक यांना रोज घासावं लागत नाही. जुन्या सागाचा गाभा आपल्या अंगच्या तेलामुळे वाळवीला सहसा दाद देत नाही. कडेचं फिकट लाकूड मात्र पोखरलं जातं, म्हणून घेताना तिथे खिळ्याचं टोक टोचून बघावं. राहिला ‘दुसऱ्याच्या घरातलं उतरलेलं’ हा संकोच. जुना ट्रॅक्टर घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, आधीच्या मालकाची कुंडली कुणी मागत नाही. पेटीलाच ती का लागावी?

जुनं सांभाळायला संग्रहालयं आहेत की, असंही म्हटलं जातं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कोरीव दारं अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो संग्रह राज्य सरकारला दिला. त्यांच्या संग्रहालयातल्या सुमारे 20,000 वस्तूंपैकी थोड्याच मांडून ठेवता येतात. गावोगावची प्रत्येक चौकट तिथे मावणार नाही, आणि साध्या, बिननक्षीच्या दाराला तिथे कोण घेणार? ते कुणाच्या तरी घरातच टिकेल. घराची सीमाही मात्र ओळखावी. पारावरची वीरगळ उचलून अंगणात लावणं ही सजावट नव्हे, चोरी आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत इमारतीतून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तूही येते आणि अशा मालाचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून कापलेली, पॉलिश केलेली गणेशपट्टी समोर आली की पहिला प्रश्न भावाचा नको, कुठल्या घरातून निघाली हा हवा. उत्तर मिळालं नाही तर माल चोरीचा असेल, नाहीतर मुद्दाम जुनाट केलेला नवा असेल. वाडा उतरताना मालकाकडून घेतलेल्या चौकटीबाबत हा प्रश्नच उरत नाही. शिवाय ती घनफुटाच्या भावात मिळते, आणि गणेशपट्टी तिच्यावर जागच्या जागी असते.