निलंबन की हकालपट्टी?

एप्रिल २०२४. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने रामदास प्रिनी शिवानंदन या दलित संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केले, आवारात प्रवेशबंदी केली. कारणे? दिल्लीतील केंद्र सरकारविरोधी मोर्चात सहभाग आणि 'राम के नाम' हा माहितीपट पाहण्याचे आवाहन. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी केली. तोवर वर्ष गेले होते.

पुढाऱ्याच्या पोराला निलंबन म्हणजे सुट्टी. आमच्या पुणतांब्यातून गेलेल्या शेतमजुराच्या पोराचे वसतिगृह आणि फेलोशिप थांबली, की शिक्षणच संपते. कलम १९ चा हक्क त्याच्यासाठी वसतिगृहाच्या खोलीला टांगलेला आहे.

म्हणून मागणी एकच: चौकशी आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसतिगृहाला, फेलोशिपला हात लावायचा नाही. 'शिका' आणि 'संघटित व्हा' हे बाबासाहेबांनी एका दमात सांगितले आहे. विद्यापीठाने त्यातले एकच निवडायला लावू नये.

जय भीम!