आधी निदान, मग पाना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रयोगवहीत एक मोठी उणीव आहे, असे मी म्हटले तर तुमचे शिक्षक कदाचित माझ्यावर रागावतील. पण आधी माझी फजिती ऐका, मग ठरवा.

माझ्याकडे वडिलांच्या वेळची, कार्ब्युरेटरची जुनी मोटार आहे. मागच्या उन्हाळ्यात घाट चढताना तिच्या तापमापकाचा काटा लाल पट्ट्यात जाऊ लागला. शिवाय इंजिन 'मिसिंग' मारू लागले. उभ्या गाडीतही स्टिअरिंग थरथरे. मी महाविद्यालयात उष्मागतिकी शिकवणारा अधिव्याख्याता! पण मी केले काय? गाडी एका गॅरेजात दिली. तेथे आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर साफ केला, मग चारही स्पार्क प्लग नवे घातले. दर वेळी मी पैसे मोजले आणि दर वेळी काटा पुन्हा लाल पट्ट्यात गेला. 'हाच भाग का बदलायचा?' असे मी एकदाही विचारले नाही.

वास्तविक विचार करण्याजोगे पुष्कळ होते. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा कामी येते. उरलेली बहुतेक धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. इंजिन तापते याचा अर्थ एकतर उष्णता बाहेर जात नाही, किंवा जेथे जाऊ नये तेथे ती जात आहे. इंजिन थरथरते याचा अर्थ एखादा सिलिंडर आपल्या वाट्याचे काम करीत नाही. मग पहिला प्रश्न असा, की ही दोन दुखणी आहेत की एकाच दुखण्याची दोन लक्षणे?

हा प्रश्न अखेर विचारला तो एका वयस्क मिस्त्रींनी. त्यांनी गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी रेडिएटरचे झाकण काढले, पाणी पुरेसे आहे हे पाहिले आणि मला इंजिन सुरू करायला सांगितले. काही क्षणांतच पाण्यात बुडबुडे येऊ लागले. "सर, पाणी तर अजून गार आहे. मग हे उकळतंय कसं?" ते म्हणाले. मी गप्प झालो. गार पाणी उकळत नाही. म्हणजे ती वाफ नव्हती. सिलिंडरमधील जळलेला वायू पाण्याच्या वाटेत घुसत होता!

मग त्यांनी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पहिला आणि चौथा ठीक. दुसरा आणि तिसरा दोन्ही कमी. त्या दोहोंत थोडे तेल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम दुबळे, आणि पाण्यात वायू. इंजिनचे हेड उघडण्यापूर्वीच त्यांनी सांगितले, की हेड गॅस्केट त्या दोहोंच्या मधे जळाले आहे. उघडल्यावर तेच दिसले.

येथेही ते थांबले नाहीत. 'गॅस्केट का जळले?' हे शोधताना पाण्याच्या पंपाचा पट्टा ढिला सापडला. पाणी नीट फिरत नव्हते, आणि काटा लाल पट्ट्यात असतानाही मी गाडी दामटत राहिलो होतो. नुसते गॅस्केट बदलले असते, तर तेही जळाले असते.

(एक सूचना: तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्याने पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि उकळते पाणी अंगावर उसळते.)

कोणी म्हणेल, आजच्या गाड्यांत संगणक दोष सांगतो. 'पी 0302' हा संकेत दुसरा सिलिंडर मिसिंग मारतो एवढेच सांगतो. दोष प्लगचा, इंधनाचा की गॅस्केटचा, हे माणसालाच शोधावे लागते.

आता प्रयोगवहीकडे वळू. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना उत्तर 9.8 यायला हवे हे तुम्हांला आधीच ठाऊक असते. ते आले नाही, तर ते का आले नाही हे शोधण्याऐवजी आकडे 'जुळवले' जातात. तुम्ही जुळवता, आम्ही तपासतो आणि गुण देतो. अशा प्रयोगातून माझ्यासारखेच पदवीधर निघणार!

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक सत्रात एक तरी प्रयोग बिघडलेल्या वस्तूचा असावा. शिक्षकांनी विजेच्या घंटेत किंवा सायकलच्या डायनॅमोत मुद्दाम एक दोष ठेवावा. विद्यार्थ्याने संभाव्य कारणे लिहावीत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि कोणत्या निरीक्षणाने कोणते कारण बाद झाले ते नोंदवावे. गुण दुरुस्तीला नव्हे, या नोंदीला द्यावेत. वेळ नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी आकडे जुळवण्याचा एक प्रयोग वगळला, तर कोणाचे काय बिघडेल?

तोवर तुम्ही घरच्या बंद पडलेल्या टॉर्चपासून सुरुवात करा. नवे सेल आणायला धावण्यापूर्वी कागदावर चार संभाव्य कारणे लिहा. पहिले कारण बाद करण्यासाठी काय कराल?