विमानतळाचे दार आणि आपल्या नावाचा कागद



लोहगावला पुणे विमानतळाच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तीन गोष्टी ताडून पाहतो. तिकिटावरचे नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा. तिन्ही जुळले की आत. एक जरी जुळले नाही तर बाजूला उभे राहा. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, तिथे कोणी जात विचारत नाही, असे आपल्याला सांगितले जाते. ते खरेही आहे. पण कागदावर आपले नाव नीट लागलेले असणे ही गोष्ट या देशात सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. नियम सारखा आणि कागद विषम, असा हा मामला आहे.

रहाटणीचेच उदाहरण घ्या. काळेवाडी, थेरगाव आणि पिंपळे सौदागर यांच्या मधले हे एकेकाळचे गाव. आज एका बाजूला आयटीवाल्यांचे उंच टॉवर आणि दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्या. त्या खोल्यांत लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून आलेली माणसे राहतात. भोसरीला, चाकणला कंत्राटावर जातात, टॉवरमध्ये धुणीभांडी करतात, गेटवर बारा तास बसतात. त्यांची पोरे आता शिकली आहेत. एखाद्याला बंगळुरूच्या मुलाखतीचे बोलावणे येते, एखादीला दिल्लीच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, रजा दोनच दिवसांची असते. मग त्या घरात पहिल्यांदा विमानाचे तिकीट निघते. आणि तेव्हा कळते की गळ्यातले कंपनीचे कार्ड विमानतळावर चालत नाही, मोबाईलमधला आधारचा फोटो चालत नाही, आणि तिकीट काढणाऱ्या एजंटने नावाच्या जागी घरातले लाडके नाव टाकले आहे.

म्हणून आधी नियम काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीचा सगळ्यात मोठा फटका आपल्यालाच बसतो.

विमानतळात प्रवेशासाठी कोणते कागद चालतात, हे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये या ब्यूरोने परिपत्रक काढून दहा प्रकारची ओळखपत्रे मान्य केली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा एम-आधार, पॅन कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, सरकारी नोकरीतले ओळखपत्र, विद्यार्थ्याचे ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटो असलेले पासबुक, पेन्शनचे कार्ड आणि अपंगत्वाचे ओळखपत्र. यातले एकही नसेल तर केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने कार्यालयाच्या लेटरहेडवर, फोटोसह दिलेला ओळखीचा दाखला चालतो. आईवडिलांसोबत जाणाऱ्या लहान मुलाला वेगळे ओळखपत्र लागत नाही. प्रवासाच्या आधी आपल्या विमान कंपनीची यादी एकदा पाहून घ्यावी, पण मुद्दा लक्षात ठेवा. आधार हा दहातला एक कागद आहे. "आधारशिवाय विमानात बसता येत नाही" असे कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला चुकीचे सांगतो आहे. आणि आधारवर गावाकडचा पत्ता आहे म्हणून घाबरू नका. दारात नाव आणि चेहरा पाहतात, तुमचा मुक्काम कुठे आहे ते नाही.

या यादीत मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते मतदार ओळखपत्र. जमीन असो वा नसो, शिक्षण असो वा नसो, प्रत्येक प्रौढ माणसाला मत, हे संविधानाच्या कलम ३२६ ने दिले. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी सायमन कमिशनपासून लावून धरली, तेव्हा आपल्या माणसांना मत कशाला, असे विचारणारे कमी नव्हते. ते कार्ड निवडणुकीपुरते बाहेर काढायचे आणि नंतर पत्र्याच्या पेटीत टाकायचे, असे आपण करत आलो. ते नागरिकत्वाच्या व्यवहारात रोज वापरायचे कार्ड आहे.

आता नावाकडे येऊ. आपल्या घरांतल्या नावांचा इतिहास साधा नाही. आजोबांचे नाव गावच्या गुरुजींनी ठेवले तसे पडले. दगडू, धोंडू, कचरू. जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून गुरुजींनी १ जून टाकली, त्यामुळे अख्ख्या वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी. आडनाव कधी गावावरून लागले, कधी धम्मदीक्षेनंतर बदलले, कधी जातीचा वास येणारे आडनाव पोराने शिकून टाकून दिले. यातला प्रत्येक बदल माणूस म्हणून उभे राहण्याची धडपड होती. पण दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आधारवर तिसरे अशी अवस्था झाली. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर विचारूच नका. एकाच घरात बापाच्या कांबळेमध्ये 'बी' नंतर थेट 'एल' आणि मुलाच्या कांबळेमध्ये मध्ये एक 'ए'. बाईचे तर विचारायलाच नको. माहेरचे नाव दाखल्यावर, सासरचे आधारवर, आणि नवरा वारला किंवा सोडून गेला तर दोन्ही नावे तिच्या गळ्यात.

हा आपल्या माणसांचा निष्काळजीपणा आहे, असे सुखवस्तू लोक म्हणतात. त्यांना एक नोंद दाखवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा प्रवेश झाला. तो दिवस महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून मानला आहे. त्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. जगाला ठाऊक असलेले नाव भीमराव. आजचा संगणक असता तर दोन्ही नावे समोर ठेवून म्हणाला असता, नाव जुळत नाही. ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिली, त्यांच्याच माथी त्या लिखाणाच्या चुका निस्तरण्याचा खर्च, खाडा आणि अपमान मारायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

प्रवास आणि ओळख यांचे नाते बाबासाहेबांइतके कोणी भोगले आणि कोणी मांडले? त्यांच्या आठवणींच्या टिपणांचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. १९०१ साली लहान भिवा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. पुढे अमेरिकेत शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले, तेव्हा खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. एका रात्रीच्या आसऱ्यासाठी दुसऱ्याचे नाव घ्यावे लागणे काय असते, हे ज्याने भोगले त्याच माणसाच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा झाला. त्यात कलम १५ ने सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या झाल्या आणि कलम १९ ने भारतात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क मिळाला. आपल्याच नावाने, ताठ मानेने कुठल्याही दारातून आत जाणे, हा त्या हक्काचा अर्थ आहे.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, गावाकडे अजून स्मशानभूमीसाठी भांडावे लागते आणि तुम्ही विमानाचे काय घेऊन बसलात? विमान ही मूठभरांची चैन आहे. त्यांचा राग मला समजतो, पण युक्तिवाद पटत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला गेलेल्या माणसांना दुसरीकडे पाणी मिळतच नव्हते, असे नव्हे. प्रश्न सार्वजनिक गोष्टीवर आपला समान हक्क आहे की नाही, हा होता. विमानतळ लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या जमिनीवर उभे राहतात. हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसला पाहिजे, अशी घोषणा करूनच सरकारने २०१७ मध्ये उडान योजनेची विमाने सुरू केली. मग चप्पलवाल्याचा कागद नीट करण्याची जबाबदारीही सरकारने घ्यावी. आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी विमानानेच नागपूरला उतरले होते. त्या विमानतळाला आज त्यांचेच नाव आहे. त्या दारात आपला माणूस कागदावाचून अडला, तर पाटीवरच्या नावाचा उपयोग काय?

शिवाय हा कागद फक्त विमानाचा नाही. हेच नाव शिष्यवृत्तीला लागते, जातवैधतेला लागते, भविष्यनिर्वाह निधीला लागते. विमानतळाच्या दारात चूक एका मिनिटात उघडी पडते, इतकेच. बाकीच्या कार्यालयांत तीच चूक वर्षानुवर्षे फायलीत बसून माणसाला झिजवते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कागदांचा इतका आग्रह धरून आपण पाळत ठेवणाऱ्या व्यवस्थेलाच हातभार लावत नाही का? हा धोका खरा आहे. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत 'डिजी यात्रा' सुरू झाली, २०२३ मध्ये ती पुण्याला आली. आधारशी जोडलेला चेहरा दाखवायचा आणि वेगळ्या रांगेने झटपट आत जायचे. ही यंत्रणा ज्या संस्थेच्या हाती आहे, त्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, बाकीचा मुंबई, दिल्लीसारख्या पाच विमानतळ कंपन्यांचा. ती ऐच्छिक आहे, असे सरकार सांगते. मग ती ऐच्छिकच राहिली पाहिजे. कोणी घाईघाईत तुमचा फोटो काढू लागला तर "मला नको, मी ओळखपत्र दाखवतो" असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. पण पाळतीला विरोध करायचा म्हणून आपला माणूस कागदाविना ठेवायचा, हे शहाणपण नव्हे. ज्याच्या हातात चार वेगवेगळे कागद आहेत, तोच एखाद्या कागदाला नाही म्हणू शकतो. ज्याच्याकडे एकच आहे, तो त्या एका कागदाचा गुलाम होतो.

तेव्हा करायचे काय? वस्तीतल्या प्रत्येक मंडळाने, प्रत्येक विहाराने हे काम अंगावर घ्यावे. जयंतीच्या डीजेला आपण वर्गणी काढतो, मग वर्षातून चार वेळा कागदपत्रांचे शिबिर घेणे जड नाही. ते रविवारी घेऊ नका, गुरुवारी घ्या. पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि सरकारी कार्यालये चालू असतात. महापालिकेचे 'ड' क्षेत्रीय कार्यालय रहाटणीतच आहे. तिथे निवेदन द्या, त्या दिवशी आधार आणि मतदार नोंदणीची माणसे वस्तीत पाठवा अशी मागणी करा.

शिबिरात प्रत्येक घराचे सगळे कागद एका ओळीत मांडा. एकच स्पेलिंग ठरवा, शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरचे, आणि बाकीचे कागद त्याला जुळवा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा एजंटच्या हाती फॉर्म देऊन ती संधी वाया घालवू नका. तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी नमुना ८ भरतात. नाव किंवा आडनावच बदलायचे असेल तर आधी राजपत्रात प्रसिद्धी आणि मग बाकीचे कागद. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचे नाव येते. ही चांगली गोष्ट आहे, ते पहिल्यापासून सगळीकडे तसेच लिहा.

तिकीट काढताना ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर तपासा. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांच्या आत कळवली, तर दुरुस्तीचे जादा पैसे घेता येत नाहीत. एजंटकडून काढले की ही सवलत हातची जाऊ शकते.

आणि हे सगळे करताना मागणी सोडू नका. ज्या सरकारी नोंदीत चूक सरकारच्या माणसाने केली, ती दुरुस्ती सरकारने फुकट आणि घरापर्यंत येऊन करावी. आपण शिबिर घेतो ते सरकारची जबाबदारी संपली म्हणून नव्हे. तोवर आपला माणूस दारात अडू नये म्हणून.

येत्या गुरुवारी आपल्या गल्लीतल्या पाच घरांचे कागद पाहा. कुणाचे नाव कुठे चुकले आहे ते वहीत लिहा. कामाची सुरुवात तिथून होईल.

जय भीम! जय संविधान!