ॲनेक्सचे घर, मंडळ आणि आपण



गणेशोत्सवानंतरच्या बैठकीत नाट्यवाचन पुढे ढकलून आपल्या मंडळाच्या समितीने ‘ॲनेक्स असलेले घर घेताना’ (ॲनेक्स म्हणजे घराला जोडलेला किंवा आवारातला, स्वतंत्र सोयींचा छोटा भाग) या विषयावर माहितीसत्र ठेवले. त्यावरून उठलेली चर्चा अजून शमलेली नाही, म्हणून समितीची बाजू इथे मांडणे आवश्यक वाटते. नाट्यवाचनासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या मंडळींचा अवमान करण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. तो कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये होणारच आहे.

पहिला आक्षेप असा, की मंडळ संस्कृतीसाठी आहे. कराचे प्रश्न अकाउंटंटने बघावेत. ही भावना आम्ही समजू शकतो. पण गेल्या वर्ष-दोन वर्षांत समितीकडे सभासदांचे सर्वाधिक फोन आले ते याच विषयावर. आई-वडील थकले आहेत, ते भारतातून आले की त्यांना स्वतःची खोली, न्हाणीघर आणि चहापुरता ओटा असावा, एवढीच या कुटुंबांची इच्छा असते. आई-वडिलांची सोय हा प्रश्न मंडळाचा नसेल, तर मग कोणाचा?

दुसरा आक्षेप प्रायोजकाबद्दलचा. भरलेली स्टँप ड्यूटी (घरखरेदीवरचा कर) परत मिळवून देणारी एक कंपनी सत्राच्या हॉलचे भाडे द्यायला तयार होती आणि समितीने नकार दिला. हा निर्णय एकमताने झाला आणि तो योग्यच होता, असे आम्ही ठामपणे म्हणतो. एकाच व्यवहारात एकाहून अधिक घरे घेतल्यास स्टँप ड्यूटीत मिळणारी ‘मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ’ ही सवलत १ जून २०२४ पासून बंद झाली. ती चालू असतानाही, ॲनेक्स हे वेगळे घर आहे असे सांगून केलेले परताव्याचे अनेक दावे फेटाळले गेले. फिआंडर-ब्राउअर प्रकरणात घर आणि ॲनेक्स यांना जोडणाऱ्या बोळात दारच नव्हते. त्यामुळे ॲनेक्स हे वेगळे घर ठरत नाही, असा निकाल २०२१ मध्ये अप्पर ट्रायब्युनलने दिला. दावा फेटाळला गेला की कर, व्याज आणि प्रसंगी दंड भरावा लागतो तो घरमालकाला. परतावा मिळवून देणाऱ्या एजंटाचे कमिशन तोवर वसूल झालेले असते. अशा एजंटांबद्दल एचएमआरसी या ब्रिटिश करखात्यानेही लोकांना सावध केले आहे. मंडळाच्या फलकाखाली त्यांना उभे करणे आम्हाला मान्य नव्हते.

आता सत्रात काय झाले ते, न आलेल्यांसाठी. (हे नियम इंग्लंडचे; स्कॉटलंड आणि वेल्समधल्या सभासदांनी तिथले नियम वेगळे पाहावेत.)

ॲनेक्स म्हणजे दुसरे घर, म्हणून जादा स्टँप ड्यूटी लागणारच, असा समज सर्वत्र दिसला. तसे नाही. ॲनेक्स त्याच इमारतीत किंवा आवारात असेल आणि त्याची किंमत एकूण किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसेल, तर केवळ त्याच्यामुळे जादा दर लागत नाही. ६,००,००० पौंडांच्या घरात ॲनेक्सचा वाटा २,००,००० पौंडांपर्यंत असेल, तर काळजी नाही.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. एका जोडप्याने घराचा नकाशा टेबलावर पसरला होता. गॅरेजच्या जागी केलेला ॲनेक्स, स्वयंपाकघरातून तिथे जाणारे दार, सगळे पेन्सिलीने दाखवले. इंग्लंडमध्ये ते आजवर भाड्याने राहिले, त्यामुळे हे आपले पहिलेच घर, अशी त्यांची समजूत. पण पतीच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे. ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे घर जगात कुठेही असले तरी जादा दरासाठी ते धरले जाते, आणि पती-पत्नींचा हिशेब एकत्र होतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून जादा दर ५ टक्के आहे. सध्याच्या दरांनी ६,००,००० पौंडांवर २०,००० पौंड स्टँप ड्यूटी होते. त्यांना ५०,००० भरावे लागतील. राहते घर विकून त्याऐवजी दुसरे राहते घर घेणाऱ्यांना या जादा दरातून सहसा सूट मिळते. वारसाने आलेला, निम्म्यापेक्षा जास्त नसलेला हिस्सा पहिली तीन वर्षे धरला जात नाही. वाड्यात किंवा गावच्या घरात हिस्सा असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

आई-वडिलांचे नाव खरेदीखतावर घालण्याआधीही दहादा विचार करा. खरेदीदारांपैकी एक जण जरी यूकेचा अनिवासी असला, तरी संपूर्ण किमतीवर आणखी २ टक्के लागतात, आणि त्यांचे भारतातले घरही मोजले जाते. त्यांनी नुसते पैसे दिले, तर मॉर्गेज देणारी बँक ही भेट आहे आणि घरावर त्यांचा हक्क नाही, असे लेखी मागते. घरात राहणाऱ्या, कर्जात नाव नसलेल्या प्रौढांकडूनही संमतिपत्र घेतले जाते. वडिलांना ते वाचून वाईट वाटू शकते, म्हणून त्यांच्याशी आधीच बोला.

बँकांचे प्रश्न इथे संपत नाहीत. ॲनेक्सला वेगळा कौन्सिल टॅक्स बँड आहे का, वेगळे मीटर आहेत का, तो भाड्याने देणार का, यावरून काही बँका कर्ज नाकारतात. ब्रोकरला पहिल्या भेटीतच सगळे खरे सांगा. ॲनेक्स वेगळा विकू किंवा भाड्याने देऊ नये, अशी अट बांधकाम परवानगीत आहे का, हे सॉलिसिटरकडून तपासून घ्या.

ॲनेक्सला वेगळा बँड असेल, तर कौन्सिल टॅक्सचाही विचार करावा लागतो. पासष्टीपुढचे अवलंबून नातलग ॲनेक्समध्ये कायम राहत असतील, तर त्या ॲनेक्सचा कर माफ होतो. पण २०१२ च्या व्हिसाच्या नियमांनंतर आई-वडिलांना कायमचे आणणे फार कठीण झाले आहे. बहुतेकांचे पालक व्हिजिटर व्हिसावर, सहसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत येतात. त्यांचे मुख्य घर भारतातच राहते, म्हणून ही माफी मिळत नाही. मात्र ॲनेक्स आपल्याच घराचा भाग म्हणून वापरत असाल, तर ५० टक्के सवलत आहे. ती मागावी लागते.

एवढी उपयुक्त माहिती मिळत असताना निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचे मनापासून दुःख वाटते. तिघा सभासदांनी आपापली नोकरी-व्यवसाय सांभाळून, विनामूल्य तयारी केली होती. रविवारी मुलांचे क्लास असतात, लांबून येणाऱ्यांना हॉल गैरसोयीचा पडतो, हे मान्य. तरीही ज्यांनी फोनवर हे प्रश्न विचारले, त्यांनी तरी यायला हवे होते.

दिवाळीनंतर हे सत्र पुन्हा होईल, आणि सोयीसाठी या वेळी शनिवारी संध्याकाळी. येणाऱ्यांनी चिटणीसांना आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे चहा-फराळाचा अंदाज येईल. प्रश्न लेखी पाठवावेत. नावे गुप्त राहतील. मंडळ सल्लागार नाही, त्यामुळे अंतिम निर्णय आपापल्या सॉलिसिटरला विचारूनच घ्यावा. आणि एक कळकळीची विनंती: घरासाठी ऑफर देण्याआधी या. कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज झाल्यावर समितीच्याच काय, कोणाच्याच हातात फारसे काही उरत नाही.

आपली,
संपादक समिती