जमीन ज्याची, धनादेश त्याचा!

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे साधारण आपला छोटा जिल्हाच. कापसाचा मुलूख, मालक गोरे आणि राबणारे काळे. १९६० च्या दशकात याच कौंटीत जेम्स ईस्टलँड हे सिनेटर राहत होते. पाच हजार एकरांहून मोठा मळा, सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्षपद आणि काळ्यांच्या नागरी हक्कांना कट्टर विरोध, ही त्यांची ओळख. १९६७ या एका वर्षात त्यांच्या मळ्याला सरकारकडून लाखाहून अधिक डॉलरचे अनुदान मिळाले. त्यातला मोठा भाग कापसाचा पेरा कमी ठेवण्याबद्दलचा होता. न पेरल्याचे पैसे!

त्याच कौंटीत फॅनी लू हॅमर राहत होत्या. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी ही बाई १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तेव्हा मालकाने तिला मळ्यावरून हाकलून दिले. तिच्यासारख्यांना कोणते अनुदान होते? पेरा कमी झाला की मालकाला धनादेश यायचा. वेचणाऱ्याची मजुरी तेवढी बुडायची.

हे आपोआप घडले असे कोणी म्हणू नये. १९३३ च्या कृषी कायद्याने उभा कापूस नांगरून टाकण्याचे पैसे दिले ते जमीनमालकाच्या हाती. वाटेकऱ्याचा हिस्सा मालकानेच द्यायचा होता. अनेक मालकांनी हिस्सा देण्याऐवजी वाटेकरीच काढून टाकले. १९३४ साली शेजारच्या आर्कान्सामध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र संघटना बांधली, ती यातूनच. आणि योजना राबवणार कोण? शेतकऱ्यांनी निवडून दिलेली कौंटी समिती! ऐकायला लोकशाही, पण बसणारे जवळजवळ सगळे गोरे जमीनदार. आपल्याकडे गावच्या सोसायटीत कोण बसतो आणि कर्ज कोणाला मिळते, हे पाहिलेल्या वाचकाला यावर आम्ही अधिक काय सांगावे?

हॅमरबाईंनी १९६९ मध्ये चाळीस एकरांवर सहकारी शेती सुरू केली. पुढे ती सहाशे एकरांवर गेली, पण पैशाअभावी काही वर्षांत बुडाली.

१९२० साली त्या देशात सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्या आत आहेत. कर्ज नाकारणे, नाहीतर पेरणी उलटून गेल्यावर मंजूर करणे, हा त्या ऱ्हासाचा एक मोठा भाग. १९९७ साली टिमथी पिगफर्ड या शेतकऱ्याने कृषी खात्याला न्यायालयात खेचले. १९९९ च्या तडजोडीत दावा मान्य झालेल्या बहुतेकांना पन्नास हजार डॉलर मिळाले, म्हणजे ईस्टलँडच्या मळ्याच्या एका वर्षाच्या रकमेच्या निम्मेही नाही, तेही बत्तीस वर्षांनी. गेलेली जमीन परत आली नाही ती नाहीच.

२०२१ मध्ये कर्जमाफीसाठी चार अब्ज डॉलर मंजूर झाले. गोरे शेतकरी न्यायालयात गेले, हा आमच्यावर अन्याय म्हणाले, आणि योजना थांबली. २०२२ मध्ये ती रद्दच झाली. तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणत्याही वंशाच्या शेतकऱ्यासाठी मदत आली, ती २०२४ मध्ये वाटली गेली. आणि जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने जाहीर केले की योजनांमध्ये वंश व लिंगावरून ठरणारी ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ ही वर्गवारी यापुढे वापरणार नाही. आता म्हणे सगळे समान! समित्यांत एकाच रंगाची माणसे बसत होती, तेव्हा ही समानता कुठे होती?

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. २०१९ पासूनची आपली पीएम-किसान योजना वर्षाला सहा हजार रुपये देते, ते सातबारा पाहून. मराठवाड्यात दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव त्या यादीत शोधून पाहा.