पट्टा पडल्यावर मागे राहिलेली माणसे



हंगामापूर्वीच्या गटसभांत दरवर्षी ठरलेले प्रश्न येतात. तोडणीचा प्रोग्राम नोंदीप्रमाणे चालणार की ओळखीप्रमाणे, खोडव्याला तोड कधी मिळणार, टोळीवाले एकरी वरकड पैसे मागतात त्याचे काय. त्यांची उत्तरे शेतकी खात्याला आता तोंडपाठ झाली आहेत. यंदा मात्र एका गटात एका ज्येष्ठ सभासदांनी निराळाच प्रश्न टाकला. म्हणाले, "साहेब, पट्टा पडला, टोळ्या गेल्या. पण ओढ्याकाठच्या गायरानात चौदा कोप्या पावसाळाभर तशाच उभ्या आहेत. आणली तुम्ही, आता न्यायची कुणी?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या कोप्यांवर जाऊन बसलो आणि एकेकाला विचारले, बाबा, तू का गेला नाहीस?

कुणी पाथर्डीकडचा, कुणी आष्टी-पाटोद्याचा. एकाची हकिगत सांगतो, बाकीच्यांची फारशी वेगळी नाही. त्याच्या बापाने जन्मभर कोयता चालवला. पोराने तो टाकून पुण्याला बांधकामावर काम धरले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि बांधकाम बंद पडले. गावी परतला, तर कोरडवाहू दोन एकरांत भावांचे तीन वाटे. शेवटी बापाचाच कोयता उचलला, मुकादमाकडून उचल घेतली आणि बायकोसह आपल्या भागात आला. पहिल्या हंगामात उचल फिटली नाही, म्हणून दुसऱ्याला आला. दुसराही पुरला नाही. तिसऱ्या वर्षी पट्टा पडल्यावर त्याने हिशेब केला. गावी जाऊन चार महिने बसून खायचे, पुन्हा उचल घ्यायची आणि पुन्हा इथेच यायचे. त्यापेक्षा इथेच राहिलेले काय वाईट? बायको आता खुरपणीला जाते, तो लागणीला. थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे.

आता यात त्याचे काय चुकले ते सांगा.

मंदी आली की बाहेरचा माणूस आपोआप परत जातो, असा आपला समज असतो. काम संपले, माणूस गेला. वास्तविक अनुभव उलटा आहे. वाईट काळ माणसाला घराबाहेर काढतो आणि तोच काळ त्याची परतीची वाटही बुजवून टाकतो. १९७२ च्या दुष्काळात हेच झाले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. दुष्काळ हटला, पण कोयत्याची वाट धरलेली घरे परत शेतावर स्थिरावली नाहीत. बापामागून लेक आला आणि लेकामागून नातू.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नव्हे. पश्चिम जर्मनीला महायुद्धानंतर कारखान्यांत माणसे कमी पडू लागली. तेव्हा त्यांनी १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून मजूर नेले. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे चार दिवस राहील आणि जाईल, हा हिशेब. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, मंदी दिसू लागली आणि २३ नोव्हेंबर १९७३ रोजी सरकारने नवी भरती बंद केली. वाटले होते, संख्या घटेल. बरेच जण परत गेलेही. पण जे राहिले त्यांनी विचार केला, की एकदा गेलो तर पुन्हा दार उघडणार नाही. तुर्कस्तानात तरी कुठे काम ठेवले होते? मग त्यांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. भरती थांबली ती पुरुषांची, आणि वस्ती झाली कुटुंबांची. १९८३ मध्ये परत जाणाऱ्या बेकारांना साडेदहा हजार मार्क देण्याचा कायदा केला, तरी बहुतेक जण राहिलेच. 'हे तर पाहुणे' म्हणत राहिल्यामुळे त्यांच्या मुलांची शाळा, भाषा, घर यांकडे कित्येक वर्षे पुरेसे लक्ष गेले नाही. बाहेरून आलेल्यांसाठी देशभर भाषेचे वर्ग रीतसर सुरू झाले ते २००५ च्या कायद्याने. म्हणजे पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी! इतक्या काळात दोन पिढ्या धड इकडच्या नाहीत, धड तिकडच्या नाहीत, अशा वाढल्या.

आपण एवढी श्रीमंत माणसे नाही. आपल्याला पन्नास वर्षे वाया घालवणे परवडायचे नाही.

कुणी म्हणेल, जर्मनी लांब राहिली. मग जवळचे बघू. आपल्या गावांत क्वचितच असे घर असेल ज्यातला एखादा माणूस गिरणीत नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यातले पुष्कळ जण साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, कोकणात परत आले. पण बऱ्याच जणांनी मुंबई सोडली नाही. कुणी भाजी विकली, कुणी रखवालदारी केली. त्या वेळी त्यांना कुणी म्हटले असते, की तुमची गिरणी बंद झाली, आता चंबूगबाळे उचला, तर आपल्याला कसे वाटले असते? आपला मामा, आपला चुलता परमुलुखात टिकला, तो तिथल्या कुणी भाड्याची खोली दिली, उधारीवर किराणा दिला आणि पोराला शाळेत घेतले म्हणून. हे आपण विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट आम्ही या नोकरीत पाहिली आहे. माणूस तोच असतो, आपली नजर बदलते. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस अमाप झाला. काही भागांत गाळप जूनपर्यंत चालले, तुरे आलेला ऊस वाळू लागला. तेव्हा सभासद टोळीच्या कोपीवर पहाटे चहा घेऊन जात होते. "आमची टोळी" म्हणत होते. आणि २०१९-२० मध्ये दुष्काळाने ऊस घटला होता, तेव्हा तीच टोळी "बाहेरची" झाली होती. मार्च २०२० मध्ये तर काही गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. राज्यात लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या हद्दीत अडकून पडले, एप्रिलच्या मध्यावर सरकारने परवानगी दिली तेव्हा घरी निघाले. त्या दिवसांत आपल्याच काही सभासदांनी कोप्यांवर पिठाची पोती पोचवली, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा दोन्ही गोष्टी आपल्यातच आहेत. मंदीत कुठली वर काढायची, एवढेच आपल्या हाती.

आता नफ्या-तोट्याचे बोलू, कारण सभासदाला ते विचारण्याचा हक्क आहे. मंदीच्या वर्षी नवखे हात कोयता धरतात. नवखा माणूस जमिनीलगत तोडत नाही, दोन-तीन इंच बुडखा ठेवतो. साखर सर्वांत जास्त तिथेच असते. म्हणजे वजन गेले, उतारा गेला, आणि वर बुडखे छाटायची मजुरी अंगावर. तेवढेही केले नाही तर खोडव्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून निघून कमजोर राहतात. उलट तीन-चार हंगाम एकाच शिवारात काढलेला माणूस वाफसा ओळखतो, सरी ओळखतो, पाचट न जाळता कसे पसरायचे ते जाणतो. असा शिकलेला माणूस गायरानात बसला आहे, आणि आपण त्याला हाकलून पुढच्या वर्षी नवा मुकादम, नवी उचल आणि नवा नवखा आणायचा? हा कुठला व्यवहार?

यंत्राचे नाव काढणारेही आहेत. यंत्र यावे, आमचा विरोध नाही. पण अरुंद सरी, बांधाबांधाचे तुकडे आणि ओली काळी रान यांत यंत्र फिरत नाही, हे तुम्ही आम्ही जाणतो. बराच काळ माणूस लागणारच.

तक्रारी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. उचल घेऊन टोळी न आल्यामुळे आपले वाहतूकदार सभासद बुडाले आहेत. गायरान ही गावाची सामाईक जमीन आहे, तिच्यावर कायमची वस्ती बसू देणे योग्य नाही, हेही मान्य. पण बुडवणारा मुकादम एक आणि चौथीतली मुलगी दुसरी. एकाचा राग दुसरीवर काढू नये.

सबब आमच्या सूचना थोडक्यात अशा. पहिली, कारखान्याच्या मालकीच्या पडीक जागेपैकी थोडी जागा या कुटुंबांना नाममात्र भाड्याने द्यावी, तिथे नळ आणि संडास असावेत. गायरानही मोकळे होईल. दुसरी, यांची स्थानिक टोळी करून थेट कारखान्याकडे नोंदवावी. मधला मुकादम नको, उचलही बेताची, म्हणजे बुडण्याचे भय कमी. पट्टा पडल्यावर त्यांना लागण, बेणेप्रक्रिया, खुरपणीची कामे सभासदांकडे मिळतीलच. तिसरी, दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत घेण्याचे थांबवता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळा समितीवर असलेल्या सभासदांनी एवढे पाहावे. चौथी, गावचे रेशनकार्ड इथल्या दुकानातही चालते, हे त्यांना आणि दुकानदारालाही समजावून द्यावे. त्याला पैसा लागत नाही.

काहीजण म्हणतील, महामंडळासाठी टनामागे दहा रुपये ठरलेच आहेत, मग आणखी कशाला? महामंडळ आपल्या जागी काम करील. पण शेजारधर्म महामंडळाकडून करून घेता येत नाही.

त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला सभेत उत्तर देता आले नव्हते, ते इथे देतो. दादा, आणली आम्ही, हे खरे. पण तुमच्या उसासाठी आणली. आता न्यायची कुठे, हा प्रश्न उरलेला नाही. ती आली आहेत. राहिली आहेत. त्यांना आपले म्हणायचे की पन्नास वर्षे पाहुणे म्हणत बसायचे, एवढेच ठरवायचे आहे. वार्षिक सभेत या विषयावर मोकळेपणाने बोलावे, विरोध असेल तोही मांडावा, ही विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी