आजार सापाचा, मूळ पेटीत

श्रावणात टोपलीतला नाग दारोदार फिरवण्याचा प्रकार खानदेशात आता बराच ओसरला आहे. टोपली मागे पडली, तिच्या जागी बरणी आणि पेटी आली. घरात निघालेला साप पकडायचा आणि सोडण्याआधी चार दिवस लोकांना दाखवायला ठेवून घ्यायचा, हा मोह काही हौशी मंडळींना आवरत नाही. दुसरीकडे बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळण्याची शहरी हौस वाढते आहे. या दोन्ही ठिकाणी सापाला एक आजार हमखास गाठू शकतो. तो म्हणजे अंगावर पडणारे माइट.

माइट हे कापसावरच्या लाल कोळ्याचे आणि गुरांच्या गोचिडाचे दूरचे नातलग. सापावरचा माइट जेमतेम एक मिलिमीटरचा असतो आणि रक्त पिऊन काळा दिसतो. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची घडी आणि खवल्यांच्या फटी या त्याच्या आवडत्या जागा. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, अंग घासू लागला, खाईनासा झाला, कात तुकड्या-तुकड्यांनी टाकू लागला, तर माइटची शंका घ्यावी. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले, तर ती बळावते. प्रादुर्भाव वाढला की सापाच्या अंगातले रक्त कमी होते आणि जिवाणूंचा संसर्गही होऊ शकतो. हाताळणाऱ्या माणसालाही हे माइट चावतात, त्वचेवर खाज आणि पुरळ उठते.

नेमके इथेच बहुतेकांचे चुकते. औषध सापाला लावले जाते, पेटी तशीच राहते. या माइटच्या आयुष्यात अंड्यापासून प्रौढापर्यंत पाच अवस्था असतात आणि रक्त पिण्याचे काम त्यांपैकी दोनच अवस्था करतात. पोट भरलेली मादी सापावरून उतरते आणि पेटीच्या सांध्यांत, लाकडाच्या चिरेत, अंथरुणाखाली अंडी घालते. हयातीत ती 60 ते 80 अंडी देऊ शकते. 25 ते 30 अंश तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. कोरड्या हवेत अंडी टिकत नाहीत, दमट हवा मात्र त्यांना मानवते. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा त्यांना जड जाईल, पण पावसाळ्यातली झाकलेली पेटी म्हणजे आयती सोय. म्हणून आज स्वच्छ दिसणारा साप पंधरा दिवसांत पुन्हा माइटने भरतो आणि दोष औषधाला दिला जातो.

त्यातून पुढची चूक घडते. कापूस आणि केळीच्या मुलखात शेतीचे कीटकनाशक घरात असतेच. तेच सापावर फवारले, की माइटच्या आधी साप मरण्याची भीती. रॉकेल चोळणेही तितकेच घातक. फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन यांसारखी औषधे वापरली जातात, पण सापाचे वजन पाहून मात्रा ठरवण्याचे काम पशुवैद्यकाचे आहे. सापाला चालणारे आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेऊ शकते, एवढे एक उदाहरण स्वतःच्या मनाने औषध देणाऱ्यांना पुरे व्हावे.

कायद्याने बाळगलेल्या परदेशी सापासाठी उपाय सरळ आहे, चिकाटी तेवढी हवी. पेटी पूर्ण रिकामी करावी, जुने अंथरूण व लाकडी वस्तू घराबाहेर नष्ट कराव्यात, उरलेले सामान कडक गरम पाण्याने धुऊन वाळवावे. अंथरुणाऐवजी काही आठवडे साधा पांढरा कागद घालावा, म्हणजे नवे ठिपके लगेच दिसतात. सापाला कोमट, उथळ पाण्यात ठेवल्याने बरेच माइट बुडतात, डोक्यावरचे मात्र राहतात. त्यामुळे औषध आणि सफाई दोन्ही ठरावीक अंतराने चार ते सहा आठवडे चालवावी लागते. पुन्हा लागण नको असेल, तर नवा साप किमान महिनाभर, शक्यतो तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याला हाताळल्यावर हात धुऊन मगच दुसऱ्याकडे जावे. बॉल पायथनसारख्या प्रजातींची 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे, हेही विसरू नये.

आपल्याकडच्या सापांचा प्रश्न वेगळा आहे. नाग, घोणस, धामण, अजगर हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पाळणे हा गुन्हा आहे, त्यामुळे घरी उपचार करण्याचा प्रश्नच उरत नाही. रानातल्या धामणीच्या अंगावरही गोचीड आढळतात, पण ती एका जागी कोंडलेली नसते. अंगावरून उतरलेल्या मादीची पिल्ले पुन्हा तिलाच गाठतील, ही शक्यता तिथे कमी. बरणीत तिला पळायला जागा नाही. त्याहून मोठा धोका हा, की जगभर सापांच्या व्यापाराबरोबर पसरलेला माइट शेजारच्या पेटीतून तिच्यावर चढला आणि मग तिला शेतात सोडले, तर तो रानातल्या सापांपर्यंत पोहोचेल.

केळीच्या बागेतले उंदीर फुकटात खाणारी धामण शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे ती शेतातच. घरात साप निघाला तर वनविभागाला 1926 वर कळवावे. पकडणाऱ्याने तो त्यांच्या नोंदीसह, जिथे सापडला त्या परिसरात, लवकरात लवकर सोडावा. आपल्या सापांसाठी माइटवरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे उघडे झाकण.